शरणम्माबाईंची तपासणी

तपासणीच्या दिवशी शरणम्माबाई त्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. मे महिन्यात आमच्याकडची लाल जमीन तव्यासारखी तापते. अशा दुपारी घरातली बाई तांब्या घेऊन समोर उभी राहायची आणि शरणम्माबाई म्हणायच्या, "ठेवा तिथं. सही झाल्यावर पिऊ." काहींना वाटायचं, लिंगायत म्हातारी आहे, आपल्या घरचं चालत नसेल. कमठाण्यात एकानं तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. काम संपल्यावर बाईंनी त्याच्याच घरी पाणी मागितलं, चहा मागितला, आणि टोपलीतली भाकरी बघून विचारलं, "ही कुणासाठी ठेवलीय?" ती खाऊन मगच उठल्या.

बाई काय तपासायच्या ते आधी सांगते. कोरोनात बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमच्या सीमाभागातल्या जिल्ह्यातली काही मोजकी मुलं परत आलीच नाहीत. त्यांना घरीच आई किंवा बाप शिकवत होते. सरकारी यादीत अशा मुलासमोर 'शाळाबाह्य' असं लागतं, वीटभट्टीवर राबणाऱ्या मुलासमोर लागतं तसंच. शिक्षण कार्यालयातल्या तेव्हाच्या साहेबांनी त्यातून वाट काढली. वर्षातून एकदा दोघांनी घरी जायचं, एक निवृत्त शिक्षक, एक नोकरीतला. मुलाची वर्षभराची प्रगती पाहायची, अहवालावर दोघांनी सही करायची, कागद फायलीला लावायचा. निवृत्तांपैकी शरणम्माबाई तयार झाल्या. त्यांची तीसेक वर्षं सरकारी मराठी शाळांत गेली होती. घरी कन्नड, वर्गात मराठी, बाजारात दखनी, आणि तिन्ही भाषांत आवाज तोच, जरा चढा. नोकरीतल्यांपैकी कुणी तयार होईना. माझ्याकडं स्कूटी होती, म्हणून माझं नाव लागलं.

मागच्या सीटवर त्या एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर कापडी पिशवी. वाटभर बोलत नसत. एखादा खड्डा जोरात लागला तर तेवढं म्हणायच्या, "मंगलबाई, खड्डा तुम्हाला दिसायलाय का निस्ता मलाच?"

पिशवीत कोरे कागद, दोन पेनं, फूटपट्टी आणि त्या दिवशीचा पेपर असायचा. पेपर त्या भालकीच्या बसस्टँडवर सकाळी विकत घ्यायच्या आणि मुलाला त्यातलं वाचायला लावायच्या. पुस्तकातला धडा पाठ करून घेता येतो. आज सकाळी छापलेली बातमी कोणत्या आईनं पाठ करून घेतली असेल? बातमी वाचून झाली की त्या ती मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावायच्या आणि स्वतः डोळे मिटून ऐकायच्या. त्या झोपल्यात असं वाटून भालकीतला एक मुलगा मधेच थांबला. "मी जागी हाय," बाई म्हणाल्या. "तू कामून झोपलास?"

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. मुलाला समोर बसवायचं, नाव विचारायचं आणि लगेच, "या वर्षी काय चुकलं?" मुलं गोंधळायची. आई-बापांचे चेहरे उतरायचे. त्यांनी 'काय शिकलास' या प्रश्नाची महिनाभर तयारी केलेली असायची. दुसरी पद्धत अशी की अहवाल तिथंच बसून हातानं लिहायच्या आणि सही करण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि तो मुलाला, आई-बापाला नव्हे. "ज्याच्याबद्दल लिवलंय त्याला आधी कळू दे," म्हणायच्या. एखाद्या मुलीनं लाडानं 'अज्जी' म्हटलं तर लगेच दुरुस्त करायच्या. "अज्जी घरची. मी बाई."

त्या कठोर होत्या असं लोक म्हणत. मला तसं वाटायचं नाही. त्या फक्त विषय सोडत नसत. भालकीतल्या त्याच मुलाचा बाप कापडाचा व्यापारी होता. त्यानं भिंतीवर पोराची ऑनलाइन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली होती, अकरा की बारा. पोरगा तीसपर्यंतचे वर्ग घडाघडा म्हणायचा. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात फूटपट्टी दिली. "हे दार मोज. मग सांग, या भिंतीत अशी दारं किती बसतील." पोरगा दारासमोर उभा राहिला, पट्टी आडवी धरली, उभी धरली, आणि बापाकडं बघायला लागला.

बाप म्हणाला, "अक्का, त्याची लेव्हल वरची हाय. हे असलं काय विचारायलात?"

"वरच्या लेव्हलला दारं नसतात व्हय?"

अहवालात लिहिलं: पाठांतर उत्तम. मोजमाप येत नाही. बापानं जिल्ह्यात फोन लावले. बाईंनी एक अक्षर बदललं नाही. पुढच्या वर्षी त्या पोरानं अख्खं दुकान मोजून ठेवलं होतं, आणि अहवालात 'मोजमाप येते' हे दोन शब्द आले. कौतुक म्हणून त्याला जास्तीचं काही मिळालं नाही.

कमठाण्याचं घर धनगरांचं. पाय अधू असलेला नऊ वर्षांचा पोरगा, त्याला चुलती शिकवायची. पोरानं आमच्यासमोर कळपातली मेंढरं, त्यांची पिल्लं, विकलेली, राहिलेली, असा सगळा हिशेब तोंडी केला. मी थक्क झाले आणि तसं बोलूनही गेले. बाई म्हणाल्या, "हे त्याला मागल्या वर्षी पण येत होतं. औंदा काय नवीन?" बाईंच्या लेखी प्रगती म्हणजे फरक. मुलगा हुशार आहे का, गरीब आहे का, गोड बोलतो का, हे त्यांच्या कागदावर कुठंच नसायचं. मागच्या मेपासून या मेपर्यंत काय हललं, एवढंच असायचं.

ठाणाकुशनूरच्या घरी आम्ही तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा परिस्थिती बदलली होती. साहेब नवे आले होते. त्यांनी तोंडी हुकूम दिला होता की यंदा ज्या मुलाची पातळी वयाच्या इयत्तेला येणार नाही, त्याचं नाव जूनमध्ये शाळेत घालायचं. शाळाबाह्य मुलींना निवासी शाळेतच घालत, त्यामुळे ठाणाकुशनूरच्या भाग्यश्रीसाठी ती शाळा म्हणजे दूरचं मुलींचं वसतिगृह. भाग्यश्री अकरा वर्षांची. तिनं पाचवीची भाषा आणि पाचवीचं गणित दाखवायचं होतं.

घर शेतात, गावापासून जरा बाहेर. तिची आई सविता लग्नाआधी एका खासगी शाळेत दोन वर्षं शिकवत होती. नवरा हैदराबादला कामाला, महिन्यातून एकदा यायचा. म्हणून घरात शब्द थोरल्या दिराचा, बसवराजअण्णांचा. पोरगी शाळेत जात नाही, अशी तक्रार कार्यालयात त्यांनीच केली होती. माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची मुलगी वसतिगृहात राहून दहावीला पोचली होती, आणि भावाची मुलगी घरात बसून वाया चालली आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते ओसरीवर बसूनच होते.

"या अक्का. औंदा एकदाचं खरं काय ते लिवा."

"दरसाल काय खोटं लिवले व्हय मी?" बाई म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

भाग्यश्री चटईवर बसली होती. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या. शेजारी वह्यांची चळत, वर नवं तपकिरी कव्हर, कव्हरावर रंगीत पेननं नाव. सविता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"या वर्षी काय चुकलं?" बाईंनी विचारलं.

मुलगी आईकडं बघून म्हणाली, "काही नाही चुकलं, बाई."

आधीच्या दोन्ही वर्षी याच मुलीनं या प्रश्नावर पंधरा मिनिटं उत्तर दिलं होतं. पहिल्या वर्षी तर ती चुका सांगताना हसत होती. बाईंनी वरची वही उघडली आणि पानं उलटायला लागल्या. मला बाजूनं दिसत होतं. निळी शाई, मोत्यासारखं अक्षर, एक रेघ वाकडी नाही. जून, जुलै, दिवाळी, संक्रांत. बाईंनी दुसरी वही घेतली, मग तिसरी. पंखा करकरत होता. पाचव्या वहीवर त्या थांबल्या.

"वर्षभर एकच पेन पुरलं?"

भाग्यश्रीनं आईकडं पाहिलं.

"अक्षर जूनमधे जसं हाय तसंच एप्रिलमधे. वाढलं न्हाई की बिघडलं न्हाई." त्यांनी वही मिटली. "जुन्या वह्या कुठं हायत, सविता?"

सवितानं आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाली, "न्हाणीच्या चुलीत घातल्या. पाणी तापवायला."

झालं होतं ते असं. साहेबांचा हुकूम कळल्यापासून, एप्रिलभर, मायलेकींनी वर्षाच्या सगळ्या वह्या नव्यानं उतरवून काढल्या होत्या. उतरवताना चुका दुरुस्त केल्या, अर्धवट पानं पुरी केली, आणि जुन्या वह्या जाळल्या. आमच्याकडं ही रीतच आहे. शाळेत इन्स्पेक्शन म्हटलं की आठवडाभर मुलांकडून वह्या नव्यानं लिहून घेतात. मीही घेतल्या आहेत. सविता ज्या शाळेत दोन वर्षं होती तिथं ती दुसरं काही शिकली नसेल, पण हे शिकली होती. पाहुणे यायचे म्हणून भिंतीला चुना लावावा, तसं तिनं वर्षाला चुना लावला होता.

ओसरीवरून आवाज आला. "मी म्हनलो न्हाई का? सगळं दाखवायचं काम चाललंय."

"अण्णा, तुम्ही भाईरच बसा," बाई म्हणाल्या. "मी इचारलं की सांगा." मग सविताकडं वळून, "या वह्यांवर मी काहीच लिहू शकत न्हाई. ह्या बाजूला ठेव."

मग पेपर निघाला. त्या दिवशी एका गावाच्या पाणीपुरवठ्याची बातमी होती, पाइपलाइन कुठून आणायची यावरून दोन वाड्यांत वाद. भाग्यश्रीनं ती न अडखळता वाचली आणि मग सांगितली, दोन्ही बाजू धरून. शेवटी स्वतःहून म्हणाली, "पण बाई, यात तिसऱ्या वाडीचं कुणी विचारलंच न्हाई." बाईंनी डोळे उघडले. कागदावर काहीतरी लिहिलं. मला बरं वाटलं, सविताच्या खांद्यांवरचा ताणही जरा उतरला.

नंतर गणित. गुणाकार आला. भागाकार आला, वेळ लागला पण आला. मग बाईंनी लिहिलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मुलीनं क्षणभर बघितलं आणि लिहिलं, दोन पंचमांश. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले.

बाईंनी चूक म्हटलं नाही. त्यांनी बाजूला सारलेल्या चळतीतली एक वही ओढली, पानं चाळली आणि एक पान मुलीसमोर धरलं. तिथं हेच गणित होतं. तीन वेळा, आणि तिन्ही वेळा उत्तर बरोबर. पाच षष्ठांश.

"हे कुणी सोडवलं?"

भाग्यश्रीचे कान लाल झाले. "मीच लिहिलं."

"लिहिलंस तूच. सोडवलं कुणी?"

"आईनं सांगितलं तसं लिहिलं."

"बरं. अर्धं मोठं का दोन पंचमांश मोठं?"

मुलीनं बराच विचार केला. "अर्धं."

"मग अर्ध्यात अजून घातल्यावर कमी कसं झालं?"

बाहेर बसवराजअण्णा खाकरले. सविता ओठ हलवत होती, उत्तर लेकीपर्यंत पोचवायचा प्रयत्न करत होती, आणि बाई तिच्याकडं बघत नव्हत्या तरी त्यांना ते कळत होतं. मुलगी कागदाकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, "कळंना, बाई."

"हां. हे खरं बोललीस," बाई म्हणाल्या आणि पेन बंद केलं.

अहवाल लिहिण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे मुलीचे जुने कागद मागितले. सवितानं ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात आमचे आधीचे दोन अहवाल होते, आणि यंदा घाईत पिशवीतलं सगळंच बाहेर आलं म्हणून शाळेचं प्रगतीपत्रकही होतं. दुसरीचं. भाग्यश्री शाळेत गेली ते तिचं शेवटचं वर्ष. पत्रकावर सगळ्या रकान्यांत एकच शब्द होता, समाधानकारक. खाली वर्गशिक्षिकेची सही.

बाईंनी सही पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"ही तुमची?"

"माझी," मी म्हणाले.

मी त्या मुलीला ओळखलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. माझ्या वर्गात बावन्न मुलं होती. भाग्यश्री शेवटच्या ओळीत बसायची, त्रास द्यायची नाही. तिला एक अक्षर वाचता येत नाही, हे मला वर्षभरात कळलं नाही. टाळेबंदीत तिच्या आईला कळलं, आठवडाभरात. म्हणून तिनं मुलगी परत पाठवली नाही. सविता हे मला कधी बोलली नव्हती, आणि मी तो विषय निघण्याआधीच टाळायची.

बाई ओसरीच्या कोपऱ्यात लिहायला बसल्या. भाषा, पाचवी, पातळी आहे, एवढं लिहून झालं. 'गणित' लिहून पेन थांबलं. मी जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, समाधानकारक लिहू या. शब्द खोटा नाही. बाकी सगळं येतंय तिला. एका अपूर्णांकापायी पोरगी वसतिगृहात जाईल."

बाईंनी आवाज कमी केला नाही. "तुम्ही एकदा लिवलात तसं. त्याच्यापायीच तर ही तीन वर्सं घरात बसून अक्षरं शिकली."

सविता दारात होती. तिनं ऐकलं. बसवराजअण्णांनीही ऐकलं. मी चाळीशी ओलांडलेली, वीस वर्षं नोकरी झालेली बाई, आणि माझी अवस्था वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीसारखी झाली. रागही आला.

त्यांनी लिहिलं ते भाग्यश्रीला वाचून दाखवलं. "गणित, चौथीची पातळी. मागच्या वर्षी दुसरीची होती. अपूर्णांक येत नाहीत. वह्या नव्याने उतरवलेल्या असल्याने विचारात घेतलेल्या नाहीत." मग विचारलं, "यात काही खोटं हाय?"

मुलगी म्हणाली, "न्हाई."

सविता मात्र पुढं आली. "तुम्हाला काय जातंय, बाई? सही करून तुम्ही जाल. मी मात्र तिची पेटी भरायची? वह्या जाळल्या ती चूक माझी. तिची काय चूक?"

"तिची काहीच न्हाई. म्हणून तर तिच्या चुका जाळायच्या नव्हत्यास," बाई म्हणाल्या. "ती वही असती तर मी लिवले असते, सहा वेळा चुकली, सहा वेळा परत केलं. साहेबापुढं ठेवायला माझ्या हातात कायतरी असतं. आता रिकामे हात घेऊन जायलेय मी."

पण त्या गेल्या. तो कागद कार्यालयात टपालानं गेला असता तर गोष्ट संपली असती. बाई दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलासमोर बसल्या. मीही होते. बोलणं कन्नडमध्ये झालं.

साहेब म्हणाले, "अक्का, तुम्हीच लिहिलंय चौथीची पातळी. माझा हुकूम पाचवीचा आहे."

"हुकूम कागदावर दाखवा."

"तोंडी आहे."

"मग तोंडीच बोलू. एका वर्षात ही पोरगी दोन इयत्ता चढली. तुमच्या जिल्ह्यात वर्षात दोन इयत्ता चढणारी शाळा मला दाखवा, मी तिला स्वतः नेऊन घालते."

साहेब हसले नाहीत. यादी वर गेली आहे, भाग्यश्रीचं नाव तिच्यात आहे, असं ते दोनदा म्हणाले. बाई उठल्या नाहीत. बाहेर माणसं ताटकळली होती. शिपायानं दोनदा डोकावून पाहिलं. तासाभरानं साहेबांनी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. फेरतपासणी होईल, अपूर्णांक आले तर मुलगी घरी राहील, नाही आले तर दुसऱ्या दिवशी वसतिगृह. बाई म्हणाल्या, "हे लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं.

बातमी द्यायला आम्ही त्याच संध्याकाळी ठाणाकुशनूरला गेलो. सविता बाईंचे पाय धरायला वाकली, बाईंनी पाय मागं घेतले. "बाई, मला येतं पण समजावून सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवा तिला. आठवड्यातनं एक दिवस."

"मी शिकवलं तर तपासणार कोण?" मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्यांना सांग. ह्यांचं काम अर्धं राहिलंय."

मला आधी कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. त्याच आठवड्यात तपासणीच्या यादीतून माझं नाव निघालं, कारण शिकवणाऱ्याची सही अहवालावर चालत नाही. बाईंनीच ते कार्यालयाला कळवलं होतं. माझ्या जागी एक निवृत्त गुरुजी आले.

जून ते ऑगस्ट मी दर रविवारी गेले. मुलगी माझ्यावर विश्वास ठेवत नव्हती, आणि तिनं ठेवावा असं मी काही केलं नव्हतं. पहिले तीन रविवार वाया गेले. चौथ्या रविवारी सविताच्या डझनभर बांगड्या चटईवर मांडल्या. अर्ध्या किती, सहा. तिसरा हिस्सा किती, चार. मिळून दहा, बारातल्या दहा. मुलगी बांगड्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आधी दोघांचे तुकडे सारखे करायचे?" मी फक्त हो म्हणाले. त्यानंतरही ती कितीदा तरी चुकली. एकही पान आम्ही फाडलं नाही.

फेरतपासणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली. शेतात तूर गुडघ्याच्या वर आली होती. बाई आणि गुरुजी आत गेले आणि बाईंनी दार ओढून घेतलं. सविता, बसवराजअण्णा आणि मी लिंबाखाली बसलो. बाईंनी येताना मला नमस्कार केला होता, अनोळखी माणसाला करतात तसा. आतून काही ऐकू येत नव्हतं. कधी बाईंचा एखादा शब्द, मग बराच वेळ शांतता. शिकवताना मुलांची शांतता मला कधी जड वाटली नव्हती. त्या दिवशी मी प्रत्येक शांततेत तीच बेरीज करत होते.

बसवराजअण्णा म्हणाले, "पोरगी बोलंना काय?"

"विचार करत असंल," सविता म्हणाली.

"एवढा?"

दीड तासानं दार उघडलं. बाईंनी आम्हाला आत बोलावलं नाही. मुलीला वाचून दाखवत होत्या ते आम्ही उंबऱ्याबाहेरून ऐकलं. "अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येते. सहा उदाहरणांत एक चुकलं, ते स्वतः शोधलं. गुणाकार कच्चा. गणित, पाचवीची पातळी आहे. वह्या नऊ, खाडाखोडीसह पाहिल्या."

अण्णांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "म्हंजे घरीच ऱ्हाणार?"

"हे वरीस."

"आन पुढलं?"

"पुढल्या मेमधे जो तपासंल त्याला इचारा."

ते 'जो' मला तेव्हा नीट ऐकू आलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या दसऱ्याआधीच आपल्या लेकीकडं कलबुर्गीला गेल्या, आणि फेब्रुवारीत तिथंच वारल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं.

म्हणून मला दिसतात त्या ऑगस्टमधल्याच. गुरुजींना गावातच कुणाकडं थांबायचं होतं. मी स्कूटी वळवून आणली आणि म्हणाले, "बसा बाई, भालकीला सोडते. पाऊसही येईल."

बाईंनी पिशवी छातीशी धरली. अहवाल तिच्यात होता, अजून कार्यालयात पोचायचा होता. "तुमच्या शिकवण्याचा कागद तुमच्याच गाडीवर बसून कसा न्यायचा, मंगलबाई?"

"इथं कोण बघतंय?"

"तुम्ही बघायलात की."

डांबरी रस्त्यापर्यंत त्या चालत गेल्या, गुडघा धरत, मधे दोनदा थांबून. भाग्यश्री आणि मी मागं काही अंतरावर होतो, त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. भालकीकडं जाणारी टमटम आली, आधीच भरलेली. मागची एकच जागा होती, रस्त्याकडं तोंड करून बसायची. दोन बायांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. टमटम निघाली तेव्हा त्यांचं तोंड आमच्याकडंच होतं. मुलीनं हात हलवला. बाईंनी हलवला नाही. दोन्ही हात पिशवीवर घट्ट होते, आणि वळण येईपर्यंत त्या आमच्याकडं बघत लांब लांब जात राहिल्या.